शरदातलं आकाश: एक चौकोन, सहा तारकासमूह आणि एक ग्रीक कथा

हिवाळ्यातलं मृग नक्षत्र कोणी दाखवावं लागत नाही, ते स्वतःच नजरेत भरतं. दिवाळीनंतरच्या रात्री वर पाहिलं तर मात्र नवख्या माणसाला वाटतं, आज आकाशात काही नाहीच. अभिजित आणि श्रवण पश्चिमेला कललेले असतात, रोहिणी आणि ब्रह्महृदय पूर्वेकडून जेमतेम वर येत असतात. मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यात ठळक म्हणावा असा तारा एकच, तोही दक्षिणेला एकटा.

याच रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यात ग्रीकांनी एक अख्खी गोष्ट मांडून ठेवली आहे. राजा, राणी, राजकन्या, तिला सोडवणारा वीर, समुद्रातला राक्षस आणि पंखांचा घोडा. एकाच गोष्टीतली सहा पात्रं अशी एकमेकांजवळ आकाशात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यामुळे शरदाचं आकाश यादीसारखं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. एक चौकोन शोधा आणि तिथून गोष्टीच्या मागोमाग चला.

आधी नावांचा गुंता सोडवू. आपल्याकडच्या नकाशांत या समूहांना महाभारतातली नावं आहेत: अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, पर्सियस म्हणजे ययाती, कॅसिओपिया म्हणजे शर्मिष्ठा आणि सेफियस म्हणजे वृषपर्वा. पेगॅसस महाश्व झाला, सीटस तिमिंगल झाला. ययातीने देवयानीला विहिरीतून बाहेर काढलं आणि पर्सियसने अँड्रोमेडाला खडकावरून सोडवलं, एवढी जोडी छान जुळते. पुढे मात्र नाती जुळत नाहीत. शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची मुलगी, तर कॅसिओपिया ही सेफियसची बायको आणि अँड्रोमेडाची आई. म्हणून या लेखात आकाशातल्या समूहांना मराठी नावं ठेवली आहेत आणि गोष्टीतल्या माणसांना ग्रीक.

केव्हा, कुठे आणि काय घेऊन

पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातून काढता पाय घेतो. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा या समूहांचा खरा हंगाम. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री साडेआठच्या सुमारास आपला चौकोन डोक्यावर असतो. तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. तोच देखावा ऑक्टोबरच्या मध्याला साडेदहाला दिसेल आणि डिसेंबर उजाडला की साडेसातलाच.

चंद्राचा हिशेब तिथीवरून करा. कोजागरीला सगळे गच्चीवर असतात खरे, पण ताऱ्यांसाठी ती रात्र वाया गेलेली असते. त्या रात्रीचा चंद्र अश्विनीच्या आसपास, म्हणजे नेमका आपल्याला पाहायच्या भागात असतो. लक्ष्मीपूजनाची अमावास्या हिशेबाने उत्तम, पण फटाक्यांचा धूर तिची माती करतो. त्यापेक्षा दिवाळी सरल्यावर कार्तिकातली षष्ठीपर्यंतची कुठलीही रात्र घ्या, चंद्र लवकर मावळतो. नाहीतर वद्य पक्षातल्या षष्ठीनंतरची, म्हणजे तो उशिरा उगवतो.

शहराच्या गच्चीवरून चौकोन, शर्मिष्ठा आणि दक्षिणेचा तो एकटा तारा दिसू शकतात. बाकीच्यासाठी दिव्यांपासून लांब जायला हवं. मुंबईकर आकाशप्रेमी वर्षानुवर्षं वांगणीला जात आले आहेत, भंडारदरा परिसर नाशिक-पुणेकरांना सोयीचा पडतो. विदर्भातल्या लोकांच्या तर दारातच पेंच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, आणि तो मिळालेलं भारतातलं ते पहिलं ठिकाण.

सोबत चटई किंवा मागे कलणारी खुर्ची घ्या, कारण उभं राहून मान वर करून दहा मिनिटांच्या वर कोणाला बघवत नाही. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधा. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा पांढरा पडदा एकदा पाहिला की ती सगळी मेहनत पाण्यात जाते. स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं, फुकट मिळणारं ॲप घरी बसून आधी पाहून ठेवलेलं बरं. दुर्बीण (दोन डोळ्यांची, बायनॉक्युलर) असेल तर साधी 7×50 किंवा 10×50. टेलिस्कोपची घाई अजिबात नको. या समूहांतल्या सगळ्यात सुंदर गोष्टी दुर्बिणीतच चांगल्या दिसतात. नोव्हेंबरात दव पडतं, म्हणून काचा पुसायला मऊ फडकं असू द्या.

आणि मोजपट्टी तुमच्या हाताशीच आहे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे 10 अंश झाकते. खाली जिथे जिथे ‘मूठ’ म्हटलं आहे तिथे हेच माप धरा.

पहिली पायरी: चौकोन

साडेआठला आडवे व्हा आणि थेट वर बघा. जवळपास सारख्या तेजाचे चार तारे एका मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर दिसतील. पहिल्यांदा सगळे चुकतात ते आकारात: फार लहान चौकोन शोधतात. याची प्रत्येक बाजू जवळजवळ दीड मूठ आहे. आत जवळपास रिकामं असतं, हीच त्याची दुसरी खूण.

हे तारे तुम्हाला नावाने आधीपासून ठाऊक आहेत. पश्चिमेकडचे दोन, मार्काब आणि शेआट, म्हणजे आपली पूर्वा भाद्रपदा. पूर्वेकडचे दोन, अल्जेनिब आणि अल्फेरात्झ, म्हणजे उत्तरा भाद्रपदा. भाद्रपदाच्या पौर्णिमेला चंद्र इथेच कुठेतरी असतो, म्हणून तर त्या महिन्याला ते नाव.

चौकोन सापडला की आकाश किती काळं आहे तेही इथेच तपासता येतं. चौकोनाच्या आतले तारे मोजा. शहरात एकही दिसणार नाही. तीन-चार दिसले तर पुढे जायला हरकत नाही. आठ-दहा मोजता आले तर तुम्ही फार चांगल्या जागी आला आहात, उगाच गप्पांत वेळ घालवू नका.

2026 मध्ये एक घोटाळा होऊ शकतो. त्या वर्षी शनी मीन राशीच्या परिसरात आहे, म्हणजे चौकोनाच्या खाली, दक्षिणेकडे. पिवळसर, ठळक आणि न लुकलुकणारा ‘तारा’ तिथे दिसला तर तो नकाशात शोधत बसू नका.

दुसरी पायरी: घोडा सरळ करणे

हा चौकोन म्हणजे महाश्वाचं धड. मार्काबपासून पश्चिमेकडे मंद ताऱ्यांची एक रांग निघते, ती मान. ती एनिफ या नारिंगी ताऱ्यापाशी संपते, ते घोड्याचं नाक. शेआटपासून वायव्येकडे निघणाऱ्या रेषा म्हणजे पुढचे पाय. मागचा अर्धा घोडा आकाशात नाहीच.

बहुतेक पुस्तकांत लिहिलेलं असतं की पेगॅसस उलटा दिसतो, पाय वर आणि पाठ खाली. युरोपात दक्षिणेकडे तोंड करून पाहणाऱ्याला ते खरंच आहे. आपल्याकडे हा चौकोन अगदी माथ्यावरून जातो, त्यामुळे कुठल्या बाजूने पाहायचं हे आपल्या हातात आहे. उत्तरेकडे तोंड करून खुर्ची मागे कलवा, म्हणजे पाय खाली येतात आणि घोडा सरळ उभा राहतो. पुढच्या दोन पायऱ्याही उत्तरेकडेच असल्याने तसेच बसून राहा.

या घोड्याचा जन्म बराच रक्तरंजित आहे. पर्सियसने मेडुसा या राक्षसीचं मुंडकं उडवलं तेव्हा तिच्या मानेतून पेगॅसस आणि त्याचा भाऊ क्रायसेओर बाहेर पडले. त्यांचा बाप समुद्राचा देव पोसायडन. पर्सियस पेगॅससवर बसून अँड्रोमेडाला वाचवायला आला, असं चित्रांत आणि सिनेमांत फार दिसतं, पण ते नंतरच्या लोकांचं काम आहे. जुन्या ग्रीक कथेत पर्सियस पंख लावलेल्या पादत्राणांवर उडतो. पेगॅससवर बसतो तो बेलेरोफॉन. त्याने कायमेरा नावाचा आग ओकणारा प्राणी मारला आणि मग डोक्यात हवा गेली म्हणून थेट देवांच्या ऑलिंपस पर्वताकडे निघाला. देवांचा राजा झ्यूस याने एक गोमाशी सोडली, ती घोड्याला चावली, बेलेरोफॉन खाली पडला. घोडा मात्र वर पोहोचला.

डोळ्यांनी सहज दिसणार नाही, तरी जागा बघून ठेवावी असं एक ठिकाण: मार्काब आणि शेआटला जोडणाऱ्या बाजूच्या किंचित बाहेर, पश्चिमेला, 51 पेगासी नावाचा मंद तारा आहे, सुमारे 50 प्रकाशवर्षांवर. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह 1995 मध्ये इथे सापडला. मिशेल मेयर आणि दिदिए केलोज या शोधकर्त्यांना 2019 चं नोबेल मिळालं. अगदी काळ्या आकाशात तीक्ष्ण नजरेला किंवा दुर्बिणीला हा तारा सापडतो.

तिसरी पायरी: राजकन्या, आणि वाटेत एक दीर्घिका

चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातला अल्फेरात्झ हा खरं तर घोड्याचा नाहीच. खगोलज्ञ टॉलेमीने दुसऱ्या शतकात 48 समूहांची यादी केली तेव्हा तो घोड्यातही मोजला होता आणि राजकन्येतही. विसाव्या शतकात समूहांच्या अधिकृत सीमा आखल्या गेल्या तेव्हा तो देवयानीच्या वाट्याला गेला. तो अँड्रोमेडाचं डोकं.

त्याच्यापासून ईशान्येकडे जा. दीड मुठीवर मिराख, मग जरा कमी अंतरावर अल्माक. पुढे तशीच दीड मूठ गेलात की मिरफाक लागतो, पण तो ययातीचा. चौकोन आणि ही रांग मिळून लांब दांड्याचं एक प्रचंड पातेलं तयार होतं. एकदा ते दिसलं की पुढच्या वर्षी शोधावं लागत नाही.

आता गोष्ट. इथिओपियाचा राजा सेफियस आणि राणी कॅसिओपिया. ग्रीकांच्या लेखी हा दक्षिणेकडचा एक दूरचा देश, आजचा इथिओपिया असं समजू नका. राणीने बढाई मारली की मी समुद्रकन्या नेरीडांपेक्षाही सुंदर आहे. काही लेखकांच्या मते तिने स्वतःच्या नव्हे, मुलीच्या रूपाची बढाई मारली. नेरीड चिडल्या, पोसायडनने किनाऱ्यावर पूर आणि एक समुद्रराक्षस सोडला. आमोन देवाच्या कौलाने सांगितलं: राजकन्या राक्षसाला दिलीत तरच सुटका. आईच्या जिभेची शिक्षा मुलीला. अँड्रोमेडाला समुद्रकाठच्या खडकाला साखळीने बांधलं.

ती बांधलेली आहे तोवर आपण तिच्या कमरेशी थोडा वळसा घेऊ. मिराखपासून शर्मिष्ठेच्या दिशेने काटकोनात वळा. आधी एक मंद तारा, तेवढंच अंतर पुढे आणखी मंद तारा, आणि त्याच्या अगदी शेजारी धूसर, लांबट डाग. मिराखपासून एका मुठीच्या आत हे सगळं होतं. हा डाग म्हणजे देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह), नकाशांत एम 31. सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं अंतरावर आहे, आणि बहुतेकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली ही सर्वात दूरची वस्तू. इराणी खगोलज्ञ अल-सूफी याने 964 च्या सुमारास तिची ‘छोटा ढग’ म्हणून नोंद केली.

थेट बघू नका, जरा बाजूला नजर ठेवा. डोळ्याची कड मंद उजेडाला जास्त संवेदनशील असते. दुर्बिणीतूनही फोटोसारखे रंग आणि सर्पिल हात दिसणार नाहीत. दिसेल तो राखाडी अंडाकृती ढग, मधे जरा उजळ. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पहिल्यांदा पाहणारे हमखास ‘एवढंच?’ म्हणतात. पण ते ‘एवढंच’ आपल्याच आकाशगंगेतला मेघ आहे की बाहेरचं काही, यावर 1923 पर्यंत मोठमोठे शास्त्रज्ञ भांडत होते. त्या वर्षी खगोलज्ञ एडविन हबलने माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची टेलिस्कोपने त्यात एक सेफीड जातीचा चंचल, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला, आणि त्यावरून निघालेलं अंतर आपल्या आकाशगंगेत मावण्यासारखं नव्हतं. या सेफीड ताऱ्यांचं नाव ज्याच्यावरून पडलं तो पुढच्याच पायरीत भेटतो.

चौथी पायरी: राणी, राजा आणि ध्रुव

उत्तरेकडे साडेचार मुठी उंचीवर पाच तारे इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे दिसतील. ही शर्मिष्ठा. नऊ-दहाच्या सुमारास तो एम जवळजवळ सरळ होतो. डावीकडचं टोक जास्त टोकदार आहे, आणि ते साधारण देवयानी दीर्घिकेकडे बोट दाखवतं. मिराखची वाट चुकली तर हा दुसरा रस्ता.

ध्रुव शोधायलाही आता हीच लागते. सप्तर्षी या दिवसांत संध्याकाळी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात. एमच्या मधल्या ताऱ्यापासून सरळ खाली तीन मुठी या. ध्रुवाची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकीच असते: मुंबईला 19 अंश, नागपूरला 21, म्हणजे दोन मुठी. गोव्यात दीडच मूठ. तो फार तेजस्वी नाही, आणि क्षितिजावर धुरकट असेल तर दिसतही नाही.

कॅसिओपिया सिंहासनावर बसलेली आहे. गर्वाची शिक्षा म्हणून तिला ध्रुवाजवळ अशा ठिकाणी ठेवलं की ती सतत फिरत राहील आणि अर्धी रात्र खाली डोकं वर पाय अशी लटकेल. ही शिक्षा नीट समजते ती ग्रीसच्या अक्षांशावर. अथेन्स 38 अंश उत्तरेला आहे, तिथून हा समूह कधी मावळतच नाही, ध्रुवाखालूनही क्षितिजाच्या वरूनच जातो. आपल्या 19 अंशांवरून मात्र राणी सरळ मावळते. उलटं लटकायची वेळ येते तेव्हा ती क्षितिजाखाली असते. महाराष्ट्रात ही गोष्ट आधी सुचली असती तर शिक्षा काहीतरी वेगळी द्यावी लागली असती. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून हे वाचणाऱ्यांना ती पूर्ण शिक्षा भोगताना दिसेल, फक्त थंडीत रात्रभर जागायची तयारी हवी.

शर्मिष्ठेच्या डावीकडे, जरा खाली, वृषपर्वा. हा सगळ्यांत कंटाळवाणा. लहान मूल काढतं तसं घर, पण छप्पर खाली, ध्रुवाकडे. गोष्टीतही सेफियस फारसं काही करत नाही. मुलीला बांधायला परवानगी देतो आणि नंतर जावयाच्या अटी मान्य करतो. पहिल्या रात्री तो नाही सापडला तरी काही बिघडत नाही.

त्याच्या वरच्या, म्हणजे घराच्या पायाकडच्या एका कोपऱ्यात तीन तारे जवळजवळ आहेत, त्यातला एक डेल्टा सेफाय. 5 दिवस आणि सुमारे 9 तासांत त्याचं तेज कमी-जास्त होतं. हा बदल 1784 मध्ये जॉन गुडरिक या इंग्रज तरुणाने टिपला. अशा ताऱ्यांची स्पंदनं जितकी संथ तितका तारा मुळात तेजस्वी, हा नियम खगोलज्ञ हेन्रिएटा लेविटने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधला, आणि हबलने देवयानीचं अंतर काढलं ते याच नियमाने. कंटाळवाण्या राजाच्या घरातून विश्व मोजायची फूटपट्टी निघाली.

पाचवी पायरी: वीर आणि त्याच्या हातातलं मुंडकं

खुर्ची ईशान्येकडे वळवा. अल्माकच्या पुढचा मिरफाक सापडलाच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना ताऱ्यांची वाकडी ओळ खालीवर जाते, तो ययाती. शर्मिष्ठा आणि मिरफाक यांच्या साधारण मध्यावर दुर्बीण धरा: शेजारी-शेजारी दोन तारकागुच्छ एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. पर्सियसचा शस्त्र उगारलेला हात इथे आहे. नुसत्या डोळ्यांना तो धुक्याचा ठिपका वाटतो. या लेखातलं दुर्बिणीतून सर्वांत सुंदर दृश्य कोणतं विचाराल तर मी दीर्घिका नाही, हेच सांगेन.

मिरफाकपासून एका मुठीवर, चौकोनाच्या बाजूला कललेला दुसरा ठळक तारा म्हणजे अल्गोल. पर्सियसच्या दुसऱ्या हातात मेडुसाचं मुंडकं आहे, आणि हा तारा त्या मुंडक्यात.

पर्सियसची गोष्ट त्याच्या जन्माआधी सुरू होते. आर्गोसचा राजा अॅक्रिसियस याला कौल मिळाला की मुलगी डॅनाईचा मुलगा तुला मारेल. त्याने तिला काशाच्या कोठडीत कोंडलं. झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपात आत शिरला आणि पर्सियस जन्मला. आजोबांनी मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडलं. देवकी, कंस आणि कुंतीने पेटीत सोडलेला कर्ण ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवं काही वाटत नाही. पेटी सेरिफोस बेटाला लागली, डिक्टिस नावाच्या कोळ्याने दोघांना सांभाळलं. त्याचा भाऊ पॉलिडेक्टीस तिथला राजा, त्याला डॅनाई हवी होती. मुलगा आड येत होता, म्हणून त्याला मेडुसाचं मुंडकं आणायला धाडलं. जिच्याकडे पाहणारा दगड होतो तिचं मुंडकं. राजाची अपेक्षा काय होती ते उघड आहे.

पर्सियसला मदत चांगली मिळाली. हर्मिस देवाने विळ्यासारखी तलवार दिली. पंखांची पादत्राणं, अदृश्य करणारी टोपी आणि मुंडकं ठेवायची पिशवीही मिळाली. या वस्तू कुठे मिळतील ते तिघी म्हाताऱ्या बहिणींना ठाऊक होतं. तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात. डोळा एकीकडून दुसरीकडे जात असताना पर्सियसने तो हिसकावला आणि पत्ता काढून घेतला. अथेना देवीच्या मदतीने ढालीतलं प्रतिबिंब पाहत त्याने झोपलेल्या मेडुसाचा गळा कापला. परत येताना खडकाला बांधलेली मुलगी दिसली. आधी त्याने सेफियसकडून लग्नाचं वचन घेतलं आणि मगच राक्षसावर झेप घेतली. वीर असला तरी व्यवहार पक्का. लग्नात अँड्रोमेडाचा आधीचा वाग्दत्त वर, तिचा काका फिनियस, सैन्य घेऊन आला, तेव्हा पिशवीतलं मुंडकं बाहेर निघालं. पॉलिडेक्टीसचंही तेच झालं. आजोबांचा कौलही खरा ठरला: खेळांत पर्सियसने फेकलेली थाळी चुकून म्हाताऱ्याला लागली.

आता वर पाहा. अल्गोल एरवी अल्माकइतकाच तेजस्वी असतो, त्यामुळे ताडून पाहायला अल्माक हाताशीच आहे. 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंदावतो, 2.1 प्रतीवरून 3.4 प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). मंदावणं आणि पूर्ववत होणं मिळून सुमारे दहा तास. वर ज्याचं नाव आलं त्याच गुडरिकने 1783 मध्ये हा काळ मोजला आणि एखादी काळोखी वस्तू ताऱ्यापुढून जात असावी असं सुचवलं. तो तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता, बहिरा होता, आणि एकविसाव्या वर्षी वारला. त्याचा अंदाज बरोबर निघाला: एक मंद तारा फिरत फिरत तेजस्वी जोडीदाराला झाकतो.

ग्रहण पाहायचं तर असं करा. ॲपमध्ये किंवा पंचांगासारख्या खगोलीय वार्षिकात अल्गोलच्या किमान तेजाची वेळ शोधा. भारतीय वेळ आहे ना, ते तपासा. बऱ्याचदा जागतिक वेळ दिलेली असते आणि साडेपाच तास मिळवावे लागतात. त्या वेळेच्या चार तास आधीपासून दर तासाला अल्माकशी तुलना करून वहीत लिहा. एक रात्र हुकली तर तीन रात्रींनंतर पुन्हा बघा, फक्त ग्रहण साधारण सव्वातीन तास आधी होईल.

ययातीतून ऑगस्टमध्ये उल्कांचा प्रसिद्ध वर्षाव होतो. त्या वेळी आपल्याकडे श्रावणाचे ढग असतात, तेव्हा त्याच्या आशेवर राहू नका.

सहावी पायरी: दक्षिणेचं पाणी आणि राक्षस

आता उलटं फिरून दक्षिणेकडे तोंड करा. चौकोनाची पश्चिम बाजू, शेआट ते मार्काब, तशीच खाली ओढत न्या. साडेचार मुठी गेल्यावर तो एकटा ठळक तारा: फोमलहॉट, दक्षिण मत्स्याचं तोंड, 25 प्रकाशवर्षांवर. पूर्व बाजू अशीच खाली ओढली तर किंचित पूर्वेला दुसरा, जरा मंद तारा, डिफ्डा. ही तिमिंगलाची शेपटी.

हा सगळा भाग पाण्याचा आहे: मकर, कुंभ, मीन, दक्षिण मत्स्य, तिमिंगल. यातली बरीच चित्रं ग्रीकांनी बाबिलोनकडून घेतली आणि त्यांना आपल्या गोष्टी चिकटवल्या. टायफॉन राक्षसाला घाबरून अॅफ्रोडाइटी देवी आणि तिचा मुलगा मासे झाले, ते मीन. पाणी ओतणारा कुंभधारी म्हणजे देवांचा प्याले भरणारा गॅनिमिड. मीन आणि कुंभ दोन्ही इतके मंद आहेत की पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नये. मेष तेवढा सोपा: चौकोन आणि कृत्तिका यांच्या मधे हमल नावाचा ठळक तारा, शेजारी अश्विनीचे दोन. सोनेरी लोकरीचा मेंढा तो हाच, पण त्याची गोष्ट जेसन या दुसऱ्या ग्रीक वीराच्या सफरीची, आपल्या सहा पात्रांशी तिचा संबंध नाही.

तिमिंगल प्रचंड पसरलेला आहे. शेपटीकडून पूर्वेला, कृत्तिकांच्या खाली डोकं, ताऱ्यांचं एक वाकडं कडं, त्यातला मेंकार ठळक. अँड्रोमेडा माथ्यावर आणि राक्षस खाली दक्षिणेला, मधे मीन राशीचं पाणी. दोघांमधलं अंतर ग्रीकांनी राखलं आहे. ही घटना आजच्या इस्रायलमधल्या याफा बंदरात घडली असंही काही जुने लेखक सांगतात. त्या राक्षसाची म्हणून 40 फूट लांब हाडं याफाहून रोमला आणून लोकांना दाखवली गेली होती, असं रोमन लेखक प्लिनीने लिहिलं आहे. बरगड्या भारतीय हत्तीपेक्षा उंच होत्या म्हणे. देवमाशाचाच सांगाडा असणार.

मेंकारपासून नैर्ऋत्येकडे मंद ताऱ्यांची छोटी साखळी जाते. तिच्या पुढे, राक्षसाच्या मानेत, मिरा असतो, किंवा नसतो. खगोलज्ञ डेव्हिड फाब्रिशियसने 1596 मध्ये तो पाहिला, आणि काही आठवड्यांत तो दिसेनासा झाला. मिराचं आवर्तन सुमारे 332 दिवसांचं आहे: चांगल्या वेळी तिसऱ्या प्रतीच्या आसपास, वाईट वेळी नवव्या प्रतीचा, म्हणजे साध्या दुर्बिणीतही जेमतेम. प्रत्येक आवर्तन वर्षापेक्षा साधारण महिन्याने लहान, त्यामुळे त्याचं तेज दर वर्षी महिनाभर आधी चढतं. तो तुमच्या रात्री दिसतो का ते पाहा, जवळच्या ताऱ्यांशी तुलना करून तारखेसह नोंद करा, आणि डिसेंबरात पुन्हा त्याच जागी बघा.